शिमग्याची चोरी, आषाढातली नोंद

आम्ही माणदेशातले धनगर. गाव म्हसवडपासून एसटीनं अर्ध्या तासावर. तिथं आमचं घर होतं, म्हणजे दगडाच्या चार भिंती, वर पत्रा आणि दाराला कुलूप. वर्षातले सात-आठ महिने त्या घरात फक्त कुलूपच राहायचं. दिवाळी झाली की आबा, आई, चुलता-चुलती आणि आम्ही पोरं मेंढरांमागं पश्चिमेला निघायचो, ते पाऊस तोंडावर आला की परतायचो. घोड्याच्या पाठीवर संसार, संसारावर कोंबड्या, आणि पाय दुखले की कोंबड्यांच्या शेजारी मी.

ज्याच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची त्याच्या रानाला लेंडीखत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. ज्वारी मिळाली की भाकरी, नाही मिळाली की बिनदुधाचा चहा. थंडीत एका घोंगड्यात आम्ही तिघं भावंडं, आणि ओढाओढीत जो हरेल त्याचे पाय उघडे. मी काही नवल सांगतेय असं नाही. आमच्याकडं सगळ्यांचंच असं होतं. मला लागायची ती दुसरी गोष्ट.

वाटेवरच्या कुठल्याही गावात काही हरवलं की पहिली चौकशी आमच्या वाड्यावर व्हायची. आमचा वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी आणि तिच्याभोवती मांडलेल्या चुली, चिरेबंदी काही नाही. एकदा एका विहिरीवरची पाण्याची मोटर गेली. सकाळी दोघं पोलीस आले आणि आबांना आणि चुलत्याला ठाण्यात घेऊन गेले. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं ओट्यावर बसवून ठेवलं. दुपारी आईनं माझ्याकडं भाकरी दिली. मी सात वर्षांची असेन. भाकरी घेऊन गेले तर दोघं भिंतीला टेकून बसलेले, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडं बघून पुढं जात होता. संध्याकाळी कळलं की मालकाच्या पुतण्यानंच मोटर दुरुस्तीला नेली होती. "जावा आता," म्हणाले. आबा वाड्यावर आले आणि आईला म्हणाले, "च्या मातूर झ्याक होता त्येंचा." सगळे हसले. मीही हसले. मेंढरं मात्र त्या दिवशी उपाशीच राहिली, कारण हाकायला माणूस नव्हतं.

त्याच पावसाळ्यात म्हसवडच्या आत्यानं मला ठेवून घेतलं. "हिला तरी एका जागी बसू द्या," म्हणाली. आबांना ते फारसं पटलं नव्हतं, पण आत्यापुढं त्यांचं काही चालत नसे. तेव्हापासून मी शाळेची झाले आणि घरची माणसं मला फक्त पावसाळ्यात भेटू लागली. दहावी झाली, बारावी झाली, मग साताऱ्याला वसतिगृहात राहून बी.ए. केलं. इतिहास घेऊन. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेलं माणूस नव्हतं, त्यामुळं माझ्या निकालाचे पेढे आबांनी मेंढरं चारता चारता तीन गावांत वाटले. पेढे घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना आमची ओळखही नव्हती.

पदवीनंतर मी तासगावात बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याकडं कॉम्प्युटरवर बसायला लागले. व्यापारी जैन, वयानं साठीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णा म्हणायचे. कुठल्या शेतकऱ्याचा माल, किती पेट्या, हिरवा की पिवळा, कुठल्या खोलीत ठेवला, हे सगळं भरायचं काम. काम बरं होतं, माणसं चांगली होती. दोन वर्षांनी एका सकाळी पेपरात सांगलीच्या एका कॉलेजची जाहिरात दिसली. फौजदारी न्याय या विषयात एक वर्षाची पदविका, आणि तिच्यात आकडेवारीचं विश्लेषण सक्तीचं. गुन्ह्यांच्या नोंदी वाचायच्या कशा, त्यातून निष्कर्ष काढायचा कसा, हे शिकवणार होते. त्याच पानावर दुसरीकडं बातमी होती, अमुक भागात गुन्हे वाढले. मला वाटलं, वाढले हे कुणी मोजलं? ओट्यावर बसवून ठेवलेली माणसं कुठल्या रकान्यात धरली? जाहिरात कापून मी ओढणीच्या टोकाला बांधली.

अण्णांना सांगितलं तर ते चष्म्यावरनं बघत म्हणाले, "कशाचा कोर्स म्हणालीस?"

"गुन्ह्यांच्या आकडेवारीचा."

"गुन्हे करायचे का मोजायचे?"

"मोजायचे, अण्णा."

"मग जा. करायचे असते तर म्हटलं असतं इथंच शिक, बाजारात मास्तर लय हायत." मग म्हणाले, "पुढच्या हंगामापर्यंत तुझी खुर्ची मी कुणाला देत न्हाई. पण परत आलीस तर मला बरं वाटणार न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

आबांनी तर फोनवर ऐकल्या ऐकल्या वाड्यावर जाहीर करून टाकलं की पोरगी पोलिसांची तपासनीस होणार. मी चार वेळा समजावलं की तपासनीस नव्हे, नोंदींचा अभ्यास करणार. "त्येच त्ये," म्हणाले.

सांगलीत वर्गात आम्ही वीस-बावीस जण होतो. कुणी कायदा केलेलं, कुणी गणितातलं, दोघं पोलीस भरतीची तयारी सोडून आलेले. शिकवायला एक मॅडम होत्या. अंगानं बारीक, आवाज खणखणीत, आणि कुणी काहीही बोललं की एकच प्रश्न विचारायच्या, "कशावरून?" आज फार उकडतंय म्हटलं तरी, "कशावरून?" आम्ही त्यांच्या मागं त्यांना तेच नाव पाडलं होतं.

पहिल्या चाचणीत त्यांनी आरोपींच्या वयाची एक यादी दिली आणि सरासरी काढायला सांगितली. मी बेरीज केली, भागाकार केला, उत्तर लिहून सगळ्यांच्या आधी पेपर दिला. दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या आणि माझा पेपर वर धरून म्हणाल्या, "या बाईंच्या मते आरोपीचं सरासरी वय एकशे बारा आहे. मला या आरोपींना भेटायचंय. दीर्घायुष्याचं रहस्य विचारायचंय." वर्ग खिदळला. यादीत काही ठिकाणी वयाच्या जागी नऊशे नव्याण्णव लिहिलं होतं. वय माहीत नसेल तर तो आकडा घालायचा, असा संकेत होता, आणि तो यादीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेला होता. मी खालपर्यंत वाचलंच नव्हतं. बेदाण्याच्या पेट्या भरताना हाताला जी सवय लागली होती, तिनं घात केला. दिसला आकडा की भर.

पहिल्या सत्रात मी संख्याशास्त्रात नापास झाले. बाकी सगळ्या विषयांत पास, त्यात नापास. कॉलेजचा नियम सरळ होता. दुसऱ्या सत्रातला प्रकल्प चांगला झाला तर पहिलं नापास होणं धुऊन निघेल, नाहीतर नाव कमी. प्रकल्प म्हणजे खऱ्या नोंदी घेऊन त्यांचा अभ्यास करायचा आणि परीक्षकांसमोर उभं राहून मांडायचा. आबांना मी नापास झाल्याचं सांगितलंच नाही. तिकडं कडेगावच्या बाजूला वाड्यावर बसून ते लोकांना सांगत होते की पोरीला आता पोलीस सलाम ठोकणार, आणि इकडं मी मध्यक, म्हणजे ओळीतला मधला आकडा, आणि सरासरी यांतला फरक पाठ करत होते. पाठ होत होता. कळत नव्हता.

कळायला लागलं ते तासगावला. एका रविवारी अण्णांना भेटायला गेले होते, खुर्ची अजून आहे का तेही बघायचं होतं. सौदे चालू होते. एका शेतकऱ्यानं पेटी उघडून दाखवली, वर टपोरा हिरवागार बेदाणा. अण्णांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. बाही वर सारून कोपरापर्यंत हात पेटीत घातला, तळातली मूठ काढली, मग उजव्या कोपऱ्यातली, मग तिसऱ्याच एका पेटीतली.

"अण्णा, पहिली पेटी दाखवली की त्यांनी, तिसरीत कशाला हात घातला?"

"त्यानं दाखवायची निवडली ती त्याची पेटी. मी निवडलेली ती माझी पेटी. आता मला सांग, भाव कशावर ठरवू?"

शेतकरी हसत म्हणाला, "अण्णा, तुमी जावयाला पण असंच तपासलं व्हतं का?"

"त्यो एकच आला व्हता. निवडायला दुसरी पेटीच नव्हती."

सोमवारी नमुना निवडीचा तास होता. मॅडमनी विचारलं, तुरुंगातल्या कैद्यांची मतं घ्यायची आहेत, अधिकाऱ्यांनी स्वतःहून दहा जण आणून बसवले, चालेल का? मी हात वर केला आणि बेदाण्याची पेटी सांगितली. मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदा मला "कशावरून" विचारलं नाही.

प्रकल्पासाठी एका जिल्ह्यातल्या ठाण्यांच्या काही वर्षांच्या नोंदी कॉलेजला मिळाल्या होत्या, तक्रारदारांची नावं-पत्ते काढून टाकलेल्या. मुलांनी पटापट विषय धरले. कुणी खून घेतले, कुणी मोबाईलवरची फसवणूक. जनावरांची चोरी कुणालाच नको होती. मी ती घेतली. वर्गातला एक जण म्हणाला, "म्हणजे शेळ्या-मेंढ्या?" मी म्हटलं, "व्हय, आणि तुझ्या खुनांपेक्षा माझ्या मेंढ्या जास्त शहाण्या निघतील."

फाईलमध्ये तारखांचे दोन रकाने होते. एक, घटना कधी घडली. दुसरा, नोंद कधी झाली. नोंदीचा रकाना सुरेख, प्रत्येक ओळीत दिवस, महिना, वर्ष. घटनेच्या रकान्यात मात्र सगळा गोंधळ. कुठं तारीख, कुठं "अंदाजे", कुठं "शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी", कुठं "म्हसवडच्या नाथाच्या रथाच्या आदल्या आठवड्यात", कुठं "बेंदराच्या अगोदर", कुठं नुसतं "सुगीत". कॉम्प्युटर या मजकुराला तारीख मानायलाच तयार नाही. लाल खुणा नुसत्या. मॅडमनी शिकवलंच होतं की विश्लेषणाआधी माहिती स्वच्छ करून घ्यावी. मी दिवाळीला घर झाडावं तसा तो सगळा रकाना झाडून काढला आणि नोंदीच्या तारखेवर काम केलं.

आलेख फारच देखणा आला. वर्षभर बुटक्या बुटक्या दांड्या आणि पूर्वेकडच्या दुष्काळी ठाण्यांत आषाढात एकदम ताडासारखी उंच दांडी. मी कारणंही लिहिली. पावसामुळं अंधार लवकर पडतो, लोक पेरणीत गुंतलेले असतात, जनावरांकडं दुर्लक्ष होतं. शेवटी शिफारस केली की आषाढात या भागात पोलिसांची गस्त वाढवावी. मॅडमनी वाचलं आणि कागद परत दिला. समासात लाल शाईनं एकच शब्द होता. कशावरून?

मला राग आला. आलेख समोर दिसतोय, आणखी काय पाहिजे? परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. डोकं चालेना म्हणून रविवारी कडेगावची एसटी धरली. आबांचा वाडा तिथून जवळच, ऊस तुटून गेलेल्या एका रानात होता. मी पोचले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती आणि आबा एका कोकराच्या खुरातला काटा काढत होते. आलेखाचा कागद मी मुद्दाम बरोबर नेला होता. म्हटलं, मेंढरांचंच काम आहे, बघून खूश होतील.

आबांनी हात धोतराला पुसले, कागद उलटा धरला. मी सुलटा करून दिला.

"ह्ये काय हाय?"

"जनावरांच्या चोऱ्या, आबा. महिन्यावार."

"आन् ही उंच दांडी?"

"आषाढ. आषाढात आपल्या भागात मेंढरांच्या चोऱ्या लय होतात."

आबांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि हसायला लागले. हसता हसता खाली बसले. "आगं ए, हिकडं ये," त्यांनी आईला हाक मारली, "तुझ्या लेकीनं काय लिवलंय बघ!"

"काय झालं हसायला?" मी म्हटलं.

"आषाढात आमी कुठं असतो, बाय?"

"घरी."

"दारात कुत्री किती?"

"पाच."

"आन् भावकी?"

"सगळी."

"मग चोर काय पाव्हणा म्हणून येतोय व्हय? समदी मेंढरं दारात, समदी माणसं दारात. आवंदा आषाढात एक मेंढरू नेऊन दाखवा म्हणावं."

"मग आषाढात तक्रारी एवढ्या कशा?"

"घरी आल्याबिगार कवा देणार तक्रार? वाटंवर कोकरू गेलं तर सकाळी कळतं. ठाणं कुठलं, हद्द कुणाची, आमाला काय ठावं? तक्रारीला गेलं की दिवस मोडला. आन् चार दिसांनी जबाबाला बोलावलं, तर तवर आमी दोन तालुकं पुढं. म्हणून घरी यायचं, म्हसवडच्या नाथाच्या पाया पडायचं, लोकर कातरायची, आन् मग समद्यांनी मिळून बाजाराच्या दिवशी ठाण्यात जायचं. वरसाचं गाऱ्हाणं एका दिसात."

आई भाकरी उलटत म्हणाली, "त्यो ठाण्यातला बाबा तर कपाळालाच हात लावतोय. म्हणतोय, आला का तुमचा मोर्चा!"

"आणि चोरी कधी झाली म्हणून सांगता?"

"झाली तवाच झाली म्हणून सांगतो की," आबा म्हणाले. "शिमग्याच्या दुसऱ्या दिशी गेली तर शिमग्याच्या दुसऱ्या दिशी. खोटं कशाला सांगायचं?"

तोच तर रकाना मी झाडून काढला होता. मी धनगराची लेक, पण सात वर्षांची असताना वाट सोडली, ती पुन्हा धरली नाही. पावसाळ्यात माणसं घरी येताना बघितली, घरी आल्यावर ती ठाण्यात का जातात ते कधी विचारलं नाही. आणि माझी शिफारस कुणी मनावर घेतली असती तर? गस्त फिरली असती पाच कुत्र्यांच्या दारावरनं, आषाढात. आणि उसाच्या पट्ट्यात, जिथं खरोखर मेंढरं जात होती, तिथं कुणी नाही.

"आबा, मी चुकले."

"मग मोड ती दांडी आन् दुसरी लाव. त्यात काय एवढं?" असं म्हणून त्यांनी पुन्हा कोकराचा पाय धरला. तेव्हाच मी त्यांना पहिल्या सत्राचंही सांगून टाकलं. त्यांनी काटा उपसला, मला दाखवला आणि म्हणाले, "एका विषयातच ना? बाकीच्यात तर झालीस की पास."

सांगलीला परतले आणि मूळ फाईल पुन्हा उघडली. मॅडमना घडलेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझे वडील म्हणाले हे खरं. पण परीक्षक विचारतील, एका माणसाच्या सांगण्यावरून? पुरावा नोंदींतून काढ. आणि ते सणवार तारखांत बदलताना तू एकटी बदलू नकोस. दुसरा वाचक घे, तुझी उत्तरं न दाखवता. दोघांची जुळली तर धर."

सण दरवर्षी तारीख बदलतो. जुनी पंचांगं आणायची कुठून? तासगावला, दुसरं कुठं. अण्णांच्या गादीमागं एका खिळ्यावर सगळ्या वर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली होती. अवकाळी पाऊस कुठल्या दिवशी आला, बेदाणा कुठल्या शेडवर भिजला, हे ते त्यांच्यावर लिहून ठेवत आणि म्हणून काही काढत नसत. मी सगळा गठ्ठा मागितला.

"चोर काय कॅलेंडर बघून चोरतोय?" अण्णा म्हणाले.

"चोर नाही अण्णा, तक्रार देणारा नुसता सण सांगतो, त्याची तारीख मला काढायचीय."

"खिळा तेवढा ठेव," म्हणाले आणि गठ्ठा उतरवून दिला.

दुसरा वाचक म्हणून वर्गातल्या कुणाचा उपयोग नव्हता. मिरजेच्या मैत्रिणीला बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, कधी येतो तेच ठाऊक नव्हतं, ती म्हणाली, तो गाव आहे का? मग मी आईला धरलं. दुपारी मेंढरं सावलीला बसली की व्हिडिओ कॉल करायचे, नोंदीतले नुसते शब्द वाचून दाखवायचे आणि आईनं महिना सांगायचा. रथ, शिमगा, अखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, बेंदूर, सगळं झरझर. एका शब्दावर मात्र ती अडली.

"'सुगीत' म्हणजी कुठल्या सुगीत?"

"सुगी म्हणजे सुगी. ज्वारीची. माघ-फाल्गुन."

"आन् बाजरीची न्हवं व्हय? ती दसऱ्याच्या आगंमागं आसती. तक्रार देणारा कुठला हाय? माळावरचा का काळ्या रानाचा?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग तू माघ कशावरनं लावलास?"

मी कपाळावर हात मारला. मॅडम काय कमी होत्या, आता आईही. पण बरोबर तीच होती. नुसतं 'सुगीत' लिहिलेल्या सगळ्या नोंदी मी वेगळ्या काढल्या आणि स्पष्ट लिहिलं की यांचा महिना ठरवता येत नाही. बाकीच्या नोंदींत आमच्या दोघींची उत्तरं थोडी सोडली तर जुळली. न जुळलेल्याही मी बाजूला ठेवल्या.

मग दोन तारखांमधलं अंतर काढलं. म्हशी, बैल, गोठ्यातल्या शेळ्या, म्हणजे एका जागी राहणाऱ्यांची जनावरं, त्यांची चोरी आणि नोंद यांत जेमतेम एक-दोन दिवस. मेंढरांच्या कळपांत तेच अंतर कित्येक महिन्यांचं. आणि गोठ्यातल्या जनावरांच्या आलेखात आषाढाची उंच दांडी नावालाही नव्हती. घटनेच्या तारखेनं मेंढरांचा आलेख पुन्हा काढला तर आषाढ पार बसला आणि दिवाळीनंतरपासून शिमग्यापर्यंतचे महिने वर आले, तेही, घटनेच्या गावाचा रकाना बघितला तर, उसाच्या वाटेवरच्या गावांत. मी तो आलेख बघत बसले. देखणा अजिबात नव्हता. दांड्या वेड्यावाकड्या होत्या. पण त्यातली प्रत्येक दांडी मला कशावरून आली ते माहीत होतं.

परीक्षेच्या दिवशी समोर दोघं बसले होते. एक संख्याशास्त्राचे सर आणि एक पोलीस खात्यातून निवृत्त झालेले साहेब. मॅडम मागच्या बाकावर. मी आधी पहिला, चुकीचा आलेख दाखवला आणि सांगितलं की हा मीच काढला होता आणि हा का चुकला ते आता सांगते. साहेब पुढं सरकले.

"म्हणजे आमच्या ठाण्यांनी चुकीच्या नोंदी केल्या म्हणता?"

"नाही सर. नोंदी बरोबर आहेत. ठाण्यातल्या माणसानं 'शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी' हे ऐकलं तसंच लिहून ठेवलं, म्हणून तर मला सापडलं. चूक वाचणाऱ्याची होती. म्हणजे माझी."

साहेबांच्या मिशीखाली जरा हलल्यासारखं झालं. "मीही लिहिल्यात अशा नोंदी," ते म्हणाले. "आमचे वरिष्ठ ओरडायचे, तारीख घाला, तारीख घाला. समोरचा म्हातारा म्हणायचा, तारीख मला येत नाही, रथाच्या आधी गेली एवढं खरं."

संख्याशास्त्राच्या सरांना यात रस नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, "दुसरा वाचक कोण होता? त्याची पात्रता?"

मी म्हटलं, "माझी आई, सर. शाळेत गेलेली नाही. पस्तीस वर्षं मेंढरांमागं आहे. 'सुगी'च्या नोंदींत माझी चूक तिनंच पकडली, ते पान बारावर आहे."

त्यांनी पान उघडलं. वाचलं. मग गोठ्यातल्या जनावरांशी केलेली तुलना विचारली, अंतराचा मध्यक का घेतला, सरासरी का नाही, ते विचारलं. मी सांगितलं की एकानं तीन वर्षांपूर्वीची चोरी यंदा सांगितली होती, त्या एका नोंदीनं सरासरी ओढली जाते, मध्यक हलत नाही. हे मी पाठ करून सांगत नव्हते. मला ती नोंदच डोळ्यासमोर दिसत होती.

"या अभ्यासात काय कमी आहे?" त्यांचा शेवटचा प्रश्न.

"ज्यांनी घरी आल्यावरही तक्रार दिली नाही, त्यांची मेंढरं यात नाहीत. ती किती, ते मला माहीत नाही आणि या नोंदींतून कळणारही नाही."

"बरं," म्हणाले आणि लिहायला लागले. मी बाहेर आले. मॅडम मागून आल्या, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाल्या, "बारावं पान छान होतं." त्यांच्या तोंडून छान हा शब्द मी वर्षभरात तेव्हाच ऐकला.

निकाल दहा दिवसांनी लागला. संख्याशास्त्रात मी उत्तीर्ण झाले आणि पदविका प्रथम श्रेणीत मिळाली. अण्णांना फोन करून खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. पावसाळ्यात साताऱ्याच्या एका अभ्यास केंद्रात मला नोकरी लागली. तिथं मी ठाण्यांच्या नोंदींचं विश्लेषण करते आणि वर्षातून दोनदा नव्याने लागलेल्या लोकांना घटनेची तारीख आणि नोंदीची तारीख यांतला फरक शिकवते. या कामाला आता तीन वर्षं झाली.